कमळामावशीचं शेत, दामूकाकांचं नाव

माझ्या मावसबहिणीचा, नंदाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. रोह्याला आमच्या कार्यालयात सकाळी अकराच्या सुमाराला टेबलासमोर माणसं उभी असतात, म्हणून मी फोन उलटा करून ठेवते. तो तीनदा थरथरला. चौथ्यांदा उचलला. ‘‘ताई, आईला पान लागलं,’’ नंदा म्हणाली. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत. साप चावला तर पान लागलं म्हणतात. मी विचारलं, कुठे आहात, पेणला पोचलात का?  ती म्हणाली, ‘‘आमी पोचलो गो… आई नाय पोचली.’’ समोरचा माणूस म्हणाला, मॅडम, माझं तेवढं बघा. मी त्याचं तेवढं बघितलं. शिक्का मारला, सही केली, आणि मग उठले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. कमळामावशीविषयी लिहायचं तर सरकारी कारकून असलेल्या या भाचीविषयीही लिहावं लागेल, आणि ते काही फार चांगलं नसेल.

कमळामावशी माझ्या आईची सगळ्यात धाकटी बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती डोलवीच्या पुढे खाडीकडच्या एका गावात गेली. नवरा हरी मिठागरावर कामाला जायचा आणि पावसात घरचं भात करायचा. खाडीकाठची शेती म्हणजे काय, ते तिकडे राहिल्याशिवाय कळत नाही. खाडी आणि शेत यांच्यामध्ये फक्त मातीचा एक बांध असतो. उधाणाला तो कुठे फुटला तर खारं पाणी आत शिरतं, आणि एकदा शिरलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत धड गवतही उगवत नाही. म्हणून बांध राखायचा ही सगळ्या गावाची कामगिरी. नंदा चौथीत असताना हरीकाका काविळीने गेले. त्या वर्षी बांधावर घरटी एक माणूस पाठवायची वेळ आली तेव्हा मावशी लुगड्याचा काचा मारून पुरुषांच्या रांगेत उभी राहिली. चिखलाचे गोळे एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जायचे. कोणीतरी म्हणालं, वहिनी, तुम्ही राहू द्या, आम्ही तुमचा वाटा करतो. ती म्हणाली, ‘‘आज करशील. पुढल्या वर्षाला सांगशील, हिचा वाटा मीच केला.’’ ती रांगेतून हलली नाही. तिथून पुढे चोवीस वर्षं ती जमीन तिने एकटीने कसली. नांगर भाड्याने, बाकी सगळं स्वतः. भात झाल्यावर ओल असेल तिथे वाल टाकायची. नंदाला तिने त्यावर शिकवलं आणि निडीला दिली. नंदाचा नवरा डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्टला जातो, सरळ माणूस आहे.

जमीन मात्र कागदावर तिची नव्हती. सासऱ्यांनंतर सातबाऱ्यावर एकच नाव लागलं, थोरले दीर दामोदर यांचं, आणि नावापुढे तीन अक्षरं: ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आम्ही त्यांना दामूकाका म्हणतो. दामूकाका तरुणपणीच पनवेलला नोकरीला गेले, तिकडेच घर केलं, तिकडेच निवृत्त झाले. गणपतीला यायचे. हरीकाका होते तोपर्यंत कोणाला त्या तीन अक्षरांचं काही वाटलं नाही. ते गेल्यावर त्यांचे वारस म्हणून मावशीचं आणि नंदाचं नाव चढायला हवं होतं. कोणी चढवलं नाही. मावशीला वाटायचं, शेतात मी उभी आहे, आणखी नाव ते काय लावायचं?

मग ते सन्मानाचे पैसे सुरू झाले. वर्षातून तीनदा सरकार शेतकऱ्याच्या खात्यात थेट पैसे टाकतं, हे गावात सगळ्यांना माहीत. शेजारच्या बायकांच्या नवऱ्यांच्या फोनवर मेसेज यायचे. मावशीने एक हप्ता वाट बघितली, दुसरा बघितला, आणि एक दिवस पेणला रामवाडीत एका सेवा केंद्रात गेली. तिथल्या बाईने जमिनीचा गट नंबर विचारला, खटखट केलं आणि म्हणाली, ‘‘मावशी, या जमिनीचे पैसे येतात की. पहिल्यापासून येतात. पनवेलच्या बँकेत.’’

मावशी तिथून घरी गेली नाही. स्टेशनात येऊन पॅसेंजर पकडली आणि थेट रोह्याला माझ्याकडे आली. मी चहा टाकला. तिने पदराने मान पुसली आणि विचारलं, ‘‘सुले, तू सरकारात हायस. मला सांग, शेतकरी कोन?’’

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, ‘‘ज्याचं नाव सातबाऱ्यावर, तो.’’

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. एखादी वस्तू आपण ठेवली तिथेच आहे ना असं बघावं, तशी… मग चहा प्यायली, बशी विसळून ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

त्या प्रश्नाचं माझं उत्तर कायद्याने बरोबर होतं. गेले दोन महिने मला त्याचाच राग येतो आहे. माझ्या टेबलावरून आजवर किती बाया परत गेल्या असतील? नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव, दिराचं नाव, मुंबईतल्या पुतण्याचं नाव. लावणी कोणाची, बेणणी कोणाची, कापणी कोणाची, हे विचारायला अर्जात रकानाच नाही. रकाना नाही म्हणून आम्ही विचारत नाही, आम्ही विचारत नाही म्हणून ते नाही. अशा पद्धतीने एका बाईचे सगळे कष्ट सरकारच्या लेखी पुसून टाकता येतात आणि त्याला सन्मान असं नाव देता येतं.

तिने दामूकाकांना फोन केला होता. सरळच विचारलं, भावोजी, पैसे येतात ते निदान अर्धे तरी खताला द्या. दामूकाका म्हणाले, ‘‘कमळ, नाव माझं हाय. उद्या सरकारनं विचारलं तर उत्तर मला द्यायचंय.’’ वर हेही म्हणाले की जमीन तुला फुकट कसायला दिली आहे, याचा विचार कर.

यानंतरच्या पावसात बांध फुटला. श्रावणातलं उधाण, वरून पाऊस, आणि दुपारी तीनच्या सुमाराला उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दारांच्या बाजूला खांड पडली. मी रविवारची गेले तेव्हा पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं राहून तांबडं पडलं होतं. वास यायचा. मावशी रडत नव्हती. बाकीच्या गावाबरोबर खांड बुजवायला जाऊन आली होती, आणि कोपरापर्यंत वाळलेला चिखल तसाच होता. चार दिवसांनी पंचनाम्याला माणसं आली. सुट्टी काढून मी थांबले होते, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

तलाठी तसा वाईट माणूस नव्हता. घाईत होता. त्याने यादी बघितली आणि विचारलं, ‘‘या गटाचे खातेदार कुठे आहेत?’’

‘‘खातेदार पनवेलला. मी हाय ना. काय लिवायचंय ते सांगते,’’ मावशी म्हणाली.

‘‘तसं चालत नाही बाई. नुकसान झालेल्या शेतात शेतकऱ्याचा फोटो लागतो. फोनवर जागेसकट जातो तो.’’

‘‘मग काढा.’’

‘‘तुमचा नाही हो. शेतकऱ्याचा.’’

दुसऱ्या दिवशी दामूकाका गाडीने आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला बांधावर काढल्या आणि एका हाताने बरोबर आणलेल्या आपल्या जावयाचा खांदा धरून दोन पावलं आत उतरले. तलाठ्याने फोन वर धरला. मावशी तिथेच उभी होती, जिथे ती रोज उभी असायची तिथे. दामूकाका म्हणाले, ‘‘कमळ, जरा बाजूला हो.’’ ती हलली नाही. तलाठी म्हणाला, ‘‘बाई, तुम्ही मधे येताय. फोटो नीट येत नाही.’’ ती म्हणाली, ‘‘नीटच येतोय.’’ सगळे थांबले. गावातली पाच-सात माणसं बांधावर होती, त्यातलं कोणी बोललं नाही. मीही बोलले नाही. माझ्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं एवढंच, नाहीतर त्या तलाठ्याची आणि माझी जात एकच होती… शेवटी दामूकाकाच वैतागून पलीकडे सरकले आणि तलाठ्याने फोटो काढला. ते जिथे उभे होते ते शेत त्यांचं नव्हतं, शेजारच्यांचं होतं. त्यांना ते कळलं नाही. तलाठ्याला कळलं नाही. भरपाई मात्र बरोबर त्यांच्याच खात्यात गेली.

त्या दिवशी संध्याकाळी मावशी मला म्हणाली, आता नाव लावायचं. कागद काय काय लागतात ते सांग. मी यादी करून दिली, आणि वर सल्लाही दिला की आता सगळं ऑनलाइन होतंय, जरा दम धर, सोपं होईल. ती म्हणाली, ‘‘माझं लगीन ऑनलाइन नाय झालेलं.’’ आणि अर्ज केला. वारस नोंदीची नोटीस निघाली तशी दामूकाकांनी हरकत घेतली. म्हणणं असं की हरीने जिवंतपणीच आपला हिस्सा तोंडी सोडला होता. मेलेल्या भावाच्या तोंडचा शब्द. त्यावर सुनावणी लागली, आणि मग तारखा. साहेब दौऱ्यावर, साहेब निवडणुकीच्या कामात, साहेब बदलले, नव्या साहेबांना फाइल वाचायला वेळ हवा. एकदा फाइलच सापडेना. दर तारखेला मावशी सकाळी भाकरी बांधून पेणला जायची आणि दुपारी पुढची तारीख घेऊन परत यायची.

मला ते कार्यालय परकं नव्हतं. तिथल्या दोघांशी माझी चांगली ओळख होती, एक तर माझ्याबरोबर प्रशिक्षणाला होता. एक फोन केला असता. लाच नाही, वशिला नाही, नुसतं एवढंच की माझ्या मावशीचं प्रकरण आहे, ऐकून तरी घ्या. मी केला नाही. मला वाटलं, बरं दिसणार नाही. मावशीने कधी सांगितलंही नाही की कर. मी मनातल्या मनात याला प्रामाणिकपणा म्हणत होते. तो प्रामाणिकपणा नव्हता. ते आपल्या खुर्चीला जपणं होतं.

एका सुनावणीचा किस्सा मात्र ती हसत हसत सांगायची. नवे साहेब आले होते, जरा ऐकून घेणारे. त्यांनी मावशीला विचारलं, ‘‘जमीन तुम्ही कसता याला पुरावा काय?’’

‘‘साहेब, मी भावोजींना चार गोष्टी इचारू का?’’ मावशी म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. ती दामूकाकांकडे वळली. ‘‘भावोजी, आपल्या शेताच्या उगवतीला कोनाचं शेत?’’

दामूकाका म्हणाले, ‘‘ते… पाटलांचं असेल.’’

‘‘पाटलांनी इकून धा वर्षं झाली. बरं, पानी पयलं कुठल्या खाचरात शिरतं?’’

दामूकाकांनी वकिलाकडे बघितलं.

‘‘यंदा आपन काय पेरलंय?’’

‘‘भात,’’ दामूकाका म्हणाले.

‘‘कुठलं भात?’’

खोलीतला शिपाईसुद्धा हसला म्हणे. साहेबांनीही हसू दाबलं. आणि मग त्यांनी लिहिलं: तोंडी म्हणणे ऐकले, कागदोपत्री पुरावा सादर करण्यासाठी पुढील तारीख. मावशी ही गोष्ट सांगताना इथपर्यंत हसायची आणि इथे थांबायची. ‘‘सगळ्यांना कळलं गो, सुले. साहेबाला कळलं, वकिलाला कळलं. नुसतं लिवायचं कोनालाच नाय जमलं.’’

त्या पुढच्या तारखेला साहेबांची बदली झालेली होती.

यंदा भात चांगलं आलं होतं. खार उतरल्यावरचं पहिलं नीट पीक. नंदा चार दिवस कापणीला आली होती. त्या सकाळी मावशी पुढे, नंदा मागे, असं कापत जात होत्या. नंदा सांगते, आई नुसती ‘हा’ म्हणाली आणि खाली बसली. नंदाने हाका मारल्या. बांधावरून रिक्षापर्यंत माणसांनी तिला पाटावर उचलून नेली. दवाखान्यात नंतर जो कागद केला त्यावर नाव, वय, पत्ता, आणि व्यवसाय या शब्दापुढे कोणीतरी लिहिलं होतं: घरकाम. हातातला विळा नंदाच्या पिशवीत होता. त्यावर अजून भाताची पात चिकटलेली होती.

पाचव्या दिवशी गावातल्या बायकांनी उरलेलं शेत कापलं. कोणी सांगितलं नव्हतं. दामूकाका दहाव्याला आले. खाडीवरचे विधी झाले, जेवणं झाली, आणि ते नंदाला पडवीत घेऊन गेले. मी आत ताटं आवरत होते, मधे फक्त कुडाची भिंत.

‘‘हे बघ बाय,’’ ते म्हणाले, ‘‘सरकारची एक योजना हाय. शेतकऱ्याच्या घरातलं मानूस शेतात असं गेलं तर पैसे भेटतात. खातेदार मी हाय. मी लिवून देतो की कमळ माझ्या कुटुंबातली होती आणि शेत तीच कसायची. पैसे सगळे तुझेच, मला त्यातला एक पैसा नको.’’

मग त्यांनी आवाज खाली आणला.

‘‘फक्त ते वारस नोंदीचं प्रकरण तू मागं घे. आता आईच नाय ऱ्हायली, तर ते कशाला वाढवायचं?’’

मी ताट हातात धरून उभी. त्या योजनेत खातेदाराच्या कुटुंबात भावजय धरत नाहीत, हे मला माहीत होतं. दामूकाकांना माहीत नसावं. आयुष्यभर मी माणसांना ‘हे बसत नाही’ म्हणून सांगत आले. त्या दिवशी पहिल्यांदा मी ते सांगितलं नाही.

‘‘आधी तुमी लिवून द्या,’’ नंदा म्हणाली. ‘‘मागं घ्यायचं ते मग बघू.’’

त्यांनी वहीचा कागद मागितला आणि पडवीत बसून, सुवाच्य अक्षरात, नोकरीतली सवय असल्यासारखं लिहिलं: मयत कमळाबाई ही माझी सख्खी भावजय असून माझ्या कुटुंबातील सदस्य होती. सदर जमीन ती पतीच्या निधनापासून अखेरपर्यंत स्वतः कसत होती. खाली सही, तारीख. नंदाने तो कागद वाचला आणि आत येऊन माझ्या हातात दिला. तिला पुढे काय करायचं ते विचारावं लागलं नाही.

सुनावणीच्या पुढच्या तारखेला मी रजा काढून तिच्याबरोबर पेणला गेले. गळ्यात ओळखपत्र घालून गेले, आणि माझ्याबरोबर प्रशिक्षणाला असलेल्या त्या माणसाला सगळ्यांसमोर सांगितलं की ही माझी मावसबहीण आहे आणि आज ऐकून घेतल्याशिवाय आम्ही हलणार नाही. दामूकाकांनी लिहून दिलेला तो कागद साहेबांनी वाचला. ‘‘हे अक्षर तुमचं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘व्हय,’’ दामूकाका म्हणाले, ‘‘पन ते येगळ्या कामासाठी लिवलेलं.’’

‘‘जमीन तीच ना?’’

दामूकाका वकिलाकडे बघत राहिले. वकील खिडकीकडे.

गेल्या आठवड्यात आदेश आला. हरकत फेटाळली. मयत हरी यांना वारस: मुलगी नंदा. मावशीच्या नावापुढेही एकच शब्द, मयत. माझ्याबरोबरच्या लोकांनी मला अभिनंदनाचे फोन केले. मी कोणाशी नीट बोलले नाही. चोवीस पावसाळे तिने त्या चिखलात काढले, तो पुरावा नव्हता. भर कचेरीत तिने दिराला गप्प केलं, तो पुरावा नव्हता. ती शेतात पडली, तोही नव्हता. ज्याला आपल्या शेताच्या उगवतीला कोण आहे ते सांगता आलं नाही, त्याने वहीच्या पानावर चार ओळी लिहिल्या, आणि त्या पुरावा झाल्या. आम्ही जिंकलो असं ज्यांना वाटतं त्यांना वाटू दे. मला या आदेशाची लाज वाटते, आणि तो काढणाऱ्या, टंकणाऱ्या, आवक-जावक करणाऱ्या सगळ्यांची, माझ्यासकट.

परवा नंदाबरोबर त्या घरी गेले. दार उघडलं तर आत धुराचा वास. चुलीच्या वर, वाशाला, भाताच्या निवडक लोंब्यांची एक जुडी टांगलेली होती. कापणीच्या आधी मावशी शेतातून एकटी फिरायची आणि चांगल्या भरलेल्या लोंब्या तेवढ्या बियाण्याला खुडून आणायची. यंदाच्या तिने आदल्या दिवशीच आणून बांधल्या होत्या. जुनं लाल भात आहे, खारं पाणी थोडं सोसणारं. नाव काय, ते मला माहीत नाही. मी म्हटलं, काढून डब्यात ठेवूया, घर बंद असतं, उंदीर लागतील.

‘‘नको,’’ नंदा म्हणाली. ‘‘डब्यात दमट व्हतं. धूर लागला की कीड नाय लागत.’’

तिने काटक्या मोडल्या आणि चूल पेटवली. वर काही ठेवलं नाही, भांडं नाही, पाणी नाही. निडीहून ती दर मंगळवारी येते, एवढ्यासाठीच. जाळ नीट लागेपर्यंत आम्ही दोघी तिथे बसून राहिलो.